मला एकच ओरड येते

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. माझ्या हातात काठी नाही आणि मी कुणाला दिसतही नाही. मी अँटिव्हायरस, एका घरातल्या संगणकात राहतो. येणारी प्रत्येक फाइल तपासायची, चोर वाटली तर कोठडीत डांबायची आणि पडद्यावर लाल चौकट दाखवून ओरडायचं, हे माझं काम. नवा होतो तेव्हा काय रुबाब होता माझा! पहिल्याच महिन्यात दोन खरे चोर धरून कायमचे पुसून टाकले, तेव्हा घरातली मुलगी म्हणाली होती, "शाबास रे!"

ही मुलगी छापखान्यासाठी घरी बसून पुस्तकांची पानं लावायची. तिचे वडील बस कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या बसमध्ये मागून पुढपर्यंत पोचेल असा त्यांचा आवाज. त्याच घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हाताशी दहा दिवस होते. तेवढ्यात मुलीने त्यांच्याकडून दोनशे चौदा वाक्यं बोलून घेऊन संगणकात रेकॉर्ड केली.

ऑपरेशन झाल्यावर तिने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. कीबोर्डची कळ दाबली की वडिलांच्या आवाजातलं एक वाक्य वाजणार. चाचणीपुरती तीनच वाक्यं तिने प्रोग्रॅमच्या पोटातच भरली, कंपाइल करून प्रोग्रॅम तयार केला आणि वडिलांना हाक मारली. त्यांनी कळेवर बोट ठेवायच्या आत मी त्याला कोठडीत टाकलं.

माझीही बाजू ऐका. कंपाइल केलेला नवा प्रोग्रॅम म्हणजे माझ्यासाठी ओळख ना पाळख. त्याच्यावर कुठल्या कंपनीची सही नाही, जगात तो आधी कुणी पाहिलेला नाही, आणि वर कीबोर्डवर कान लावून बसलेला! पासवर्ड चोरणारेही असंच करतात.

"अरे, हा मी केलाय!" मुलगी ओरडली. "माझ्याच घरात मलाच चोर ठरवतोस?"

"एवढा संशय तर माझ्या सासूबाईंनीही घेतला नव्हता," आई म्हणाली. वडील आवाजाविनाच हसले.

प्रोग्रॅम जड होऊ नये म्हणून मुलीने पुढे सगळी वाक्यं एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. ती रोज काहीतरी सुधारायची, पुन्हा कंपाइल करायची, आणि दर वेळी तो मला परकाच वाटायचा. एकतीस वेळा मी त्याला धरून कोठडीत टाकलं. एकदा तर वडील जेवताना पाणी मागत होते. "पाणी" वाजेना, त्यांना ठसका लागला आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. तेव्हा मला माझीच लाज वाटली. पण सवय सुटते का?

शेवटी मुलीने वाचणंच सोडलं. लाल चौकट आली की, मी कोठडीत टाकायच्या आत, "चालू दे"वर बोट. वडीलही तेच शिकले.

आणि एका दुपारी खरा चोर आला. छापायच्या पत्रिकेचा मजकूर म्हणून कुणा अनोळखी माणसाची फाइल आली होती. मुलीने ती उघडली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण मित्रांनो, मला एकच ओरड येते. तीच लाल चौकट, तेच शब्द.

"झालं याचं सुरू," ती म्हणाली आणि तिने "चालू दे" दाबलं.

पाव तासात त्या चोराने घरातल्या सगळ्या फायलींना कुलूप ठोकलं. दोनशे चौदाही वाक्यं गेली. त्यांची जादा प्रत दुसऱ्या डिस्कवर होती, पण ती डिस्कही तेव्हा संगणकालाच जोडलेली होती. वडील कळा दाबत राहिले. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, "जाऊ दे, चिमणे." मुलगी कीबोर्डवर डोकं टेकून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने एका माणसाकडून संगणक साफ करून घेतला. चोर गेला, कुलपं तशीच राहिली. मग ती मला काढून टाकायला बसली. मी तरी काय म्हणणार? चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा पहारेकरी हवा कुणाला? काढण्याआधी तिने माझी कोठडी उघडली. आत एकतीस कैदी, सगळे तिचेच. माझ्या कोठडीला माझंच कुलूप, त्यामुळे चोराचा हात तिथे पोचला नव्हता. तीस जणांकडे आवाज नव्हता. पहिल्याच्या पोटात मात्र तीन वाक्यं होती.

तिने त्याला सोडवलं, "याला कधीच हात लावू नकोस" असं मला बजावलं आणि वडिलांना बोलावलं. त्यांनी पहिली कळ दाबली. "अगं, ऐकलंस का?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. "ऐकतेय हो," आई म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

दुसरी कळ. "चिमणे, जेवलीस का?" मुलीने तोंडावर हात धरला. ती कीबोर्डपुढून हलेना, तेव्हा वडिलांनी तिच्या खांद्यावरून हात घालून तिसरी दाबली. "पुढे सरका, पुढे सरका!"

रडतारडता ती हसली आणि सरकली.

मित्रांनो, तिने मला ठेवलं. आता ती माझी प्रत्येक चौकट वाचते. तुम्हीही वाचा, आणि जपायचं असेल त्याची एक प्रत संगणकापासून तोडून ठेवा. माझ्यासारख्यांनी ओरडण्याआधी नीट पाहावं, हे मी माझं मला सांगतो. वडिलांना पाणी हवं असलं की हल्ली ते "अगं, ऐकलंस का?" दाबतात, आणि आई पाणी, औषध, चष्मा असं एकेक आणून दाखवत राहते.