गेर्शनच्या काचेतली बाई

"दिसली! एसेनाम दिसली!"

माझ्या बायकोच्या, एसेनामच्या, मातीलाही आली नव्हती एवढी माणसं त्या दुपारी आमच्या अंगणात आली होती. आमचं अख्खं केटा गाव लोटलं होतं म्हणा ना. बाकांवर माणसं, कुंपणावर पोरं, आणि मध्ये टेबलावर मागून फुगलेला एक जुना मॉनिटर. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला पांढरी झालर लावलेली. मधल्या राखाडी काचेत लंबगोल कडेच्या आत एक फिकट सावली दिसत होती. लांबट चेहरा, डोक्याला बांधलेलं फडकं, खाली खांदे. नाक-डोळे नव्हते, पण ते कुणाला हवे होते?

"ही माझी बहीण!" एफो सेलासे गुडघ्यांवर बसला. हा माझा थोरला मेहुणा, घरातला कर्ता; 'एफो' म्हणजे आमच्याकडे 'दादा'.

"काहीतरीच काय!" मासे विकणारी शेजारीण म्हणाली. "ती माझी मावशी आहे. फडक्याची गाठ बघ ना!"

"भांडू नका," मॉनिटर घेऊन आलेला प्रॉफेट गेर्शन म्हणाला. "ज्याला त्याला आपलं माणूस दिसतं, हीच तर या काचेची कृपा! ही काच स्वर्गाच्या विजेवर चालते."

वायर आमच्या स्वयंपाकघरातून आली होती.

मलाही एसेनामच दिसली, हे खोटं कशाला सांगू? तिला जाऊन महिनाही झाला नव्हता. त्या सावलीला हात लावावासा वाटला.

गेर्शनचा सूट पांढरा, बूट टोकदार. चेनच्या कातडी पिशवीत बंद असलेलं जाडजूड बायबल त्याने पिशवीसकट उचललं आणि काचेच्या उजव्या कडेशी धरलं.

"एसेनाम, लेकरा, तुला चेटूक करून कुणी खाल्लं ते दाखव!"

काचेच्या उजव्या बाजूला जांभळा-हिरवा डाग उमटला आणि नासलेल्या मांसासारखा पसरत गेला. लोक किंचाळले. उजवीकडे चटईवर एकच बाई बसली होती, एसेनामची आई, आफीवा. तिच्या आसपासची माणसं विंचू दिसल्यासारखी उठली.

"चेटकीण!"

"ओरडू नका," गेर्शन गोड आवाजात म्हणाला. "माझ्या प्रार्थनेच्या छावणीत हिची सुटका होईल. गाडी आणलीय मी."

त्या छावणीत काय होतं हे केटात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे म्हाताऱ्या बायकांना झाडाला साखळीने बांधतात आणि उपाशी ठेवतात. दोघी तर तिथेच मेल्या. तरी लोकांनी गाडीकडे जायची वाट मोकळी केली.

"आई, ऊठ," सेलासे म्हणाला. तिच्याकडे बघायची हिंमत मात्र त्याला झाली नाही.

"मी तिला जन्म दिलाय," म्हातारी म्हणाली. "खायचीच असती तर तेव्हाच नसती का खाल्ली? तेव्हा मऊ तरी होती."

कुणीतरी हसलं आणि लगेच तोंडावर हात धरला.

मला किळस येत होती. एसेनामला रक्तदाब होता. याच गेर्शनने तिला तेलाची बाटली दिली होती आणि गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. गोळी घेतली तर तेल रुसतं म्हणे. मग एका सकाळी चुलीपाशी ती कोसळली. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. आणि आता हाच माणूस माझ्याच अंगणात उभा राहून खुनी शोधत होता.

मी हे सगळं ओरडून सांगितलं.

"दाजी, दुःखाने तुमचं डोकं फिरलंय," सेलासे म्हणाला. "बसा खाली."

तेवढ्यात मागून आवाज आला, "प्रॉफेट, एक शंका होती."

ती जिफा होती, एसेनामची मैत्रीण. ती मुलींच्या शाळेत कंप्युटर शिकवते. शाळेला देणगीत असलेच जुनाट मॉनिटर मिळालेत. निम्मा तास ते दुरुस्त करण्यात जातो आणि उरलेल्यात ती शिकवते.

"ते बायबल जरा डावीकडे धराल का?"

"कशाला?"

"देव उजवीकडेच असतो का?"

आता पुष्कळजण हसले. गेर्शनच्या कपाळावर घाम आला. सेलासेला मात्र राग आला. "हिची खात्री पटवू द्या, प्रॉफेट," म्हणत त्याने बायबल ओढून घेतलं आणि काचेच्या डाव्या बाजूला जाऊन धरलं.

उजवीकडचा डाग थोडा रेंगाळला. डावीकडे नवा डाग उमटला, थेट सेलासेच्या पोटासमोर.

"अरे देवा, एफो!" मासेवाली म्हणाली. "बहिणीला तू खाल्लंस?"

सेलासेच्या हातून बायबल निसटलं. जिफाने ते उचलून पिशवीची चेन उघडली. पानं मधोमध कोरून आत लाउडस्पीकरचं काळं, गोल लोहचुंबक बसवलं होतं. तिने चाव्यांचा जुडगा जवळ नेला. खट्!

"बघा," ती म्हणाली. "या जुन्या मॉनिटरात मागून विजेच्या कणांचा झोत येऊन काचेवर पडतो, त्याने चित्र दिसतं. चुंबक जवळ आणलं की झोत वाकतो आणि रंग चुकतात. माझ्या वर्गात मुली स्पीकर मॉनिटरला टेकवून ठेवतात. तिथेही हाच डाग पडतो, आणि तिथे अजून कुणाला चेटकीण ठरवलेलं नाही."

बायबल तिने लांब बाकावर ठेवलं आणि मॉनिटरचं एक बटण दाबलं. धम्म! काच थरथरली, सावली हिंदकळली, डाग नाहीसे झाले. पुढची रांग मागच्या रांगेच्या मांडीवर जाऊन पडली.

"भूत पळालं!"

"काचेमागच्या पत्र्यात राहिलेला चुंबकाचा असर गेला," जिफा म्हणाली. "त्यासाठीच हे बटण असतं. यांची दक्षिणा पोचली की हेच दाबतात आणि शाप सुटला म्हणून सांगतात."

गेर्शन तरी हटेना. "असू दे चुंबक! पण चेहरा? तो कुणी काढला? सांग ना, मास्तरीण!"

सगळे पुन्हा काचेकडे बघू लागले. मीही तिकडेच पाहत होतो. ती सावली खोटी निघावी असं माझ्यातल्या एका कोपऱ्याला वाटत नव्हतं.

जिफाने माझ्याकडे पाहिलं. "एफो, मॉनिटर उलटा करायला हवा; खरा आत्मा असेल तर तो सरळच राहील. तुम्हाला त्रास होईल."

"मीच करतो," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी तो उचलून टेबलावर डोक्यावर उभा केला. काचेतली बाईही खाली डोकं, वर खांदे अशी लटकली. झालर निसटून पडली आणि झाकलेल्या कडा उघड्या झाल्या. तिथे अक्षरं होती, तशीच फिकट, उलटी. कुंपणावरच्या पोरांनी माना वाकड्या करून वाचलं: "दुःखद वार्ता."

ती अक्षरं केटात कुणाला वाचून दाखवावी लागत नाहीत. आमच्याकडे माणूस गेलं की मोठं पोस्टर छापून भिंतींवर लावतात. वर तेच शब्द आणि मध्ये तीच लंबगोल चौकट. एसेनामचं पोस्टर तेव्हाही आमच्या दारावर होतं.

"हा पोस्टर छापणाऱ्याच्या दुकानातला मॉनिटर आहे," जिफा म्हणाली. "वर्षानुवर्षं त्यावर एकच साचा उघडा असायचा, आतला फोटो तेवढा बदलायचा. एकच चित्र फार काळ राहिलं की काचेच्या आतला लेप तिथे जळतो, आणि आतल्या सगळ्या चेहऱ्यांचा मिळून असा एक अस्पष्ट आकार उरतो. बाकीचे बिघाड मी दुरुस्त करते. याला उपाय नाही."

मासेवाली दारावरच्या पोस्टरजवळ गेली, मग परत काचेजवळ आली. तिचा चेहरा पडला. आम्ही सगळ्यांनी आपापलं माणूस शेवटचं त्याच चौकटीत पाहिलं होतं. म्हणून त्या सावलीत प्रत्येकाला आपलं माणूस सापडलं.

गेर्शन गाडीत चढला. "तुमच्या अविश्वासाने काच बिघडली!" असं काचा वर करता करता ओरडून गेला. दोन-चार लोक त्याच्यामागे पळाले. ते अजूनही त्याच्या छावणीत जातात.

सेलासे आईपुढे बसला. "आई..."

"आधी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आण," आफीवा म्हणाली. "त्या गेर्शनच्या सांगण्यावरून फेकल्यास ना? दुकान उघडं असेल अजून. जा."

तो गेला आणि गोळ्या घेऊनच आला.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. मॉनिटरवर डाग पडला तर आपण कारण शोधतो, वायर बघतो, जाणकाराला विचारतो. घरातलं माणूस आजारी पडलं किंवा गेलं, तर तेव्हाही तेच करा. डॉक्टरला विचारा, पुरावा मागा, आणि कुणा म्हातारीकडे बोट दाखवणाऱ्याच्या हातात काय आहे ते आधी उघडून बघा. माझ्या बायकोला कुणी खाल्लं नाही. तिच्या गोळ्या बंद करायला लावल्या, म्हणून ती गेली.