भोंग्याचा फिशपॉन्ड

सेंड-ऑफच्या दिवशी मेघना राणेला एकच गोष्ट हवी होती. सगळ्या वर्गासमोर, माईकवरून, नाव घेऊन कुणीतरी तिची टिंगल करावी.

ऐकून वाटेल, पोरीचं डोकं फिरलंय. असं वाटणारेच तर शाळेत भरले होते, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

परळच्या त्या मराठी शाळेत दहावीला निरोप देताना फिशपॉन्ड वाचायची जुनी रीत. आधीचा आठवडाभर स्टाफरूमबाहेर एक खोका ठेवलेला असतो. कुणीही कुणावरही दोन ओळी लिहायच्या, चिमटा काढणाऱ्या, आणि आपलं नाव न घालता त्यात टाकायच्या. निरोपाच्या दिवशी इंग्रजीच्या विल्मा बाई त्या वाचतात. ज्याच्यावर वाचला त्याने उभं राहायचं, लाल व्हायचं आणि मनातल्या मनात खूश व्हायचं. कारण साधं आहे. ज्याच्याकडे कुणी बघतच नाही, त्याची टिंगल कोण कशाला करील?

मेघनाला पाचवीपासून सगळे भोंगा म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिने 'हजर' म्हटलं आणि खिडकीतली कबुतरं उडाली. घरी हे सांगितल्यावर धोंडू आजोबा, ज्यांचं अर्धं आयुष्य गिरणीत साच्यावर कापड विणण्यात गेलं, पोट धरून हसले होते. "आमच्या गिरणीचो भोंगो असोच होतो गो. नाव राखलंस चेडवा." तेव्हापासून ते नाव तिने छातीवर पदक लावावं तसं मिरवलं. नळावर रांग मोडून घुसायचं, शेजारच्या बाकावरच्या हितेंद्रच्या डब्यातली भाजी पळवायची, आणि कुणी अडवलं तर असा सूर लावायचा की मजल्यावरचे चारही वर्ग दाराशी यावेत.

मग ऑक्टोबरात सहामाहीचा गणिताचा पेपर आला. पहिला प्रश्न तिने वाचला, दुसरा वाचला, आणि आकडे कागदावर हलायला लागले. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. ती उठून बाथरूममध्ये गेली, कडी घातली आणि तिला श्वासच सापडेना. शाळेच्या शिपाई शेवंती मावशींनी दार हलवून हलवून कडी पाडली, ओल्या लादीवर बसकण मारली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. काय झालं, का झालं, काही विचारलं नाही. "दम खा. घाई नाय. दार उघडंच आहे," एवढंच म्हणाल्या.

तिला हवं होतं ते तेवढंच. पुढचं सगळं शाळेला हवं होतं म्हणून झालं.

शाळेने काळजी समिती काढली. 'मन मोकळं करा' असा बोर्ड लावून एक खोली उघडली. उघडली म्हणजे बोर्ड लावला. किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क रजेवर. पालकांच्या मोबाईलवर दर महिन्याला 'शाळावार्ता' येते, तिच्यात क्रीडास्पर्धा आणि रंगकामाच्या मधोमध बातमी आली, की मानसिक ताणातून जाणाऱ्या एका विद्यार्थिनीला सावरण्यात शाळेला यश आले. नाव घातलं नाही, हे मोठे उपकार. डिलाईल रोडच्या तिच्या चाळीत इस्त्रीवाल्यापासून सगळ्यांना कळलं, आणि बायका तिच्या आजीला, म्हणजे रमाबाईंना, जिन्यात गाठून हळू आवाजात विचारायला लागल्या, आता बरी आहे ना हो?

आणि वर्ग. वर्गाला कुणीतरी दम भरला असणार, कारण पोरं एका दिवसात सभ्य झाली. नळावर तिला पुढे सोडायला लागली. ती आली की हसणं थांबायचं. शिक्षक तिला प्रश्न विचारीनात. विचारलाच तर दवाखान्यात भेटायला आल्यासारख्या आवाजात. हितेंद्र स्वतःहून डबा पुढे करून म्हणायचा, "घे ना, मेघना." मेघना! पाच वर्षांत त्याने हे नाव उच्चारलं नव्हतं. पळवायची भाजी वाढून मिळायला लागली की तिची चव जाते.

काळजी करायची म्हणजे माणसाच्या जवळ सरकायचं. यांनी उलट केलं. 'काचेचं सामान' अशी चिठ्ठी डकवून तिला माळ्यावर ठेवून दिलं आणि खालून सगळे म्हणत राहिले, बघा, किती जपतोय आपण. मेघनाला रात्री अजून धडधड व्हायची, पेपर डोळ्यांसमोर यायचा. पण दिवसा वर्गात जे व्हायचं ते त्याहून वाईट होतं. तिथे ती जिवंतपणी आठवण झाली होती.

खोका लागला तसा तिचा जीव त्यात अडकला. मधल्या सुट्टीत पोरं कोपऱ्याकोपऱ्यात खिदळत लिहीत होती, आणि ती जवळून गेली की हात आपोआप कागदावर. त्यावरून तिने ओळखलं. आपल्यावर कुणी लिहिणार नाही. बजावलेलं असणार.

म्हणून तिने स्वतःच लिहिला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने, घरी, आजोबांच्या खाटेच्या टोकाला बसून. आणि शाळेत कुणी नाही असं बघून खोक्यात सरकवला. लाज वाटली. पण भुकेल्याने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं तर त्यात काय चुकलं?

निरोपाच्या दिवशी आजीची निळी नारायणपेठ नेसून ती हॉलमध्ये शिरली. आजीने एवढ्या पिना टोचल्या होत्या की वाकायचं काम नव्हतं. नववीच्या पोरांनी फुगे लावले होते, मुख्याध्यापकांचं भाषण नेहमीसारखं लांबत होतं, आणि हितेंद्रची खुर्ची रिकामी होती. तो आणि सेंड-ऑफ चुकवणार? समोशासाठी तो तापातही आला असता. तिने गौतमला विचारलं. गौतमने मान खाली घालून म्हटलं, काही नाही, तू टेन्शन घेऊ नको. या एका वाक्यासाठी तिला कित्येकांना फटकावायचं होतं.

पाणी प्यायचं निमित्त करून ती बाहेर आली. स्टाफरूमजवळच्या पायरीवर हितेंद्र बसला होता. वडिलांचा कोट घातलेला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. शेवंती मावशी त्याच्या हातात चोरून समोसा देत होत्या.

त्याने समोशात तोंड खुपसलं. मावशीच बोलल्या. कुणीतरी मेघनावर वाईट चिठ्ठी टाकलीय. अक्षर याच्यासारखं, कोंबडीने पाय मारल्यासारखं. चिठ्ठ्या तपासताना विल्मा बाईंना ती सापडली, तशी त्यांनी याला बोलावून घेतलं, आणि सांगितलं की हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही.

मेघनाने स्वतःच्या हाताकडे बघितलं. डावा हात. तिचा डावा हात आणि हितेंद्रचा उजवा, अक्षर एकच.

"तू सांगितलं नाहीस, मी लिहिली नाही म्हणून?"

"सांगितलं ना." हितेंद्रने समोसा चावत मान हलवली. "पण आधी बाईंनी ती वाचून दाखवली, आणि मला हसू आलं. तिथंच मेलो." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "राग नको मानू. पण ज्याने लिहिलीय ना, त्याला मानलं आपण."

तिला एकाच वेळी हसावंसं वाटलं आणि जमीन फाटून आत जावंसं वाटलं. ती हॉलमध्ये परत गेली.

आत फिशपॉन्ड सुरू झाले होते. विल्मा बाई ठाकूरद्वारच्या. वाडीतल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. अशी घरं मुंबईत सगळ्यांच्या आधीपासूनची, आणि बाईंचं मराठी असं की मराठीच्या सरांनी वहीत उतरून घ्यावं. त्या फिशपॉन्ड वाचायच्या तेव्हा चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, आणि हॉल लोळायचा. "गौतम. वर्गात येतो शेवटी, निघतो पहिला. मधल्या वेळात कुठे असतो, कुणीच नाही पाहिला." गौतम उभा राहिला, कानापर्यंत लाल. मग मृण्मयी, जिच्या डोक्यावरच्या तेलाची म्हणे आखाती देशांनी चौकशी केली होती. मृण्मयीने वेणी पुढे घेऊन सगळ्यांना दाखवली. हशा छतावर आपटून खाली येत होता.

हजेरीच्या क्रमाने नावं पुढे सरकत होती. मृण्मयीनंतर मेघना. बाईंनी कागद बदलला आणि पुढचंच नाव घेतलं. पाच-पन्नास डोळे हळूच तिच्याकडे वळले आणि मायेने परत फिरले. ती माया तिला चटक्यासारखी लागली.

ती बसून विचार करत होती. गप्प राहिलं तर हितेंद्र पायरीवर बसून राहणार. अख्ख्या शाळेच्या आयुष्यातला त्याचा शेवटचा कार्यक्रम, वडिलांच्या कोटात, बाहेर. बोललं तर सगळ्यांना कळणार की या पोरीने स्वतःची टिंगल स्वतः लिहून टाकली, कारण दुसरं कुणी लिहीत नव्हतं. यापेक्षा केविलवाणं काय असतं? पुन्हा समिती बसेल. पुन्हा 'शाळावार्ता'त बातमी. कार्यक्रमानंतर बाईंना बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं. पण हळूच सांगितलं की हळूच उत्तर येतं, आणि या हळू आवाजांनीच तिचा जीव नकोसा केला होता. शिवाय तोवर समोसे संपले असते.

"चला, संपले," म्हणत बाईंनी कागद गोळा केले.

मेघना उभी राहिली. दोन पिना तटकन सुटल्या.

"बाई, एक राहिला."

हातात माईक नव्हता. गरजही नव्हती. मागच्या भिंतीला टेकून बसलेले नववीतले ताठ झाले. तीन महिन्यांत तो आवाज या इमारतीत कुणी ऐकला नव्हता.

"तो हितेंद्रने नाही लिहिला. त्याला आत घ्या. मी लिहिला. माझ्यावर, मीच."

 बाई लगबगीने स्टेजवरून उतरल्या आणि तोच दवाखान्याचा आवाज काढला. म्हणाल्या, ये बाळा, आपण बाहेर जाऊन बोलू.

"बाहेर नको बाई. सगळ्यांचे वाचले ना, माझा पण वाचा."

"माझ्याच्याने नाही वाचवणार गं तो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा हलला.

"मग मी म्हणते. पाठ आहे." तिने पदर सावरला, घसा खाकरला आणि बाईंसारखाच चेहरा दगडी केला. "गिरण्यांचे भोंगे संपात बंद पडले. आमच्या वर्गाचा भोंगा सहामाहीत बंद पडला. दुरुस्तीवाला पाठवा रे कुणीतरी."

कुणी हसलं नाही. एकही जण नाही. त्या क्षणी मेघनाला कळलं की आपण मेलो.

मग दारातून, शेवंती मावशींच्या खांद्यामागून, समोशाने भरलेल्या तोंडाचा आवाज आला. "दुरुस्ती कसली, भोंग्या? कान फुटले आमचे."

आणि हॉल फुटला. हसण्यात आधी सुटका होती, मग नुसतं हसणंच उरलं. तीन महिने गिळलेलं सगळं पोरांच्या तोंडून बाहेर पडायला लागलं. गौतम ओरडून म्हणाला, हिच्या आवाजाने शाळेचं प्लास्टर पडलं आणि खर्च आमच्या फीमध्ये लावला. मृण्मयी म्हणाली, लालबागला हिने आरती म्हटली तर मंडळाचं लाऊडस्पीकरचं भाडं वाचेल. कागद नाही, खोका नाही, बाईंची तपासणी नाही. उभी राहून मेघना सगळं अंगावर घेत होती, उन्हात बसल्यासारखी. डोळे पुसायला तिने पदर ओढला तर तिसरी पिन गेली.

विल्मा बाई तिच्याशेजारीच उभ्या होत्या. हसू आवरल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, या खेपेला जरा जोरात.

"मी सगळ्यांना ताकीद दिली होती, तुझं नाव घ्यायचं नाही. वाटलं, तुला लागेल."

"लागलंच, बाई."

"हो, दिसलं ते." बाईंनी चष्मा काढून पुसला आणि दाराकडे वळून नेहमीच्या कडक आवाजात म्हणाल्या, "हितेंद्र, आत ये. सॉरी म्हणते मी तुला. पण ते अक्षर सुधार. उद्या कुणी खून केला तरी तुलाच धरतील."

समोसे वाटून झाले, फोटो झाले, रडारड झाली. तेलकट हात घेऊन सगळे मजल्याच्या नळावर लोटले. मेघना सवयीने पुढे गेली आणि हितेंद्रने कोपर मारून तिला मागे सारलं.

"लाईन में आ, भोंग्या."

ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली. कोटाला आतून नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास येत होता. तिने हळू आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "मला अजून भीती वाटते रे. पेपरची."

तो हात धूत होता. त्याने बोटांवरचं तेल घासून काढलं. मग म्हणाला, "मला पण फाटते. गणिताच्या दिवशी गेटवर थांब. एकत्र जाऊ. धडधडलं तर सांग, मी पण सांगेन." आणि ओला हात तिच्या आजीच्या नारायणपेठेला पुसून पळाला.

भोंगा वाजला तो तळमजल्यापर्यंत ऐकू गेला. शेवंती मावशी बाथरूमचं दार पुसत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं, आणि ऑक्टोबरपासून सैल झालेली कडी जरा आवळून बसवली.