उलटं लागलेलं रीळ

सुनेने केर काढता काढता दाराजवळचे बूट उचलले आणि आतून सासूचा, बॅटरीबाईंचा आवाज आला,

"ठेव ते खाली."

"आई, केर काढतेय फक्त."

"भोवतीनं काढ. ते काही झाडूला चावत नाहीत."

सुनेने बूट होते तसे ठेवले. एक सरळ, एक कुशीवर. ऑपरेटर, म्हणजे तिचे सासरे, शेवटचे घरी आले त्या संध्याकाळी त्यांनी ते असेच काढून टाकले होते. संसारभर बॅटरीबाई त्यावरून त्यांना बोलत आल्या, आणि बोलता बोलता पायानेच ते जोडूनही ठेवत आल्या. त्या रात्री मात्र त्या लवकर आडव्या झाल्या. ऑपरेटर झोपेतच गेले आणि तेवढे बूट जोडायचे राहिले.

ऑपरेटर थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचे. खाली बायकांच्या बाजूला बॅटरीबाई हातात बॅटरी घेऊन उशिरा येणाऱ्यांना खुर्ची दाखवायच्या. अंधारात कुणी कुजबुजलं की उजेड थेट तोंडावर. लोकांनी वैतागून ठेवलेलं नाव बॅटरीबाईंनी दागिन्यासारखं मिरवलं. थिएटर पाडून तिथे फर्निचरचं दुकान आलं तरी नाव टिकलं.

त्या रडल्या नव्हत्या. येणाऱ्यांना पाणी देत होत्या, जाणाऱ्यांना दार लावून घ्यायला सांगत होत्या, वेळेवर जेवत होत्या. भाजीत मीठ नाही हे दुसऱ्या कुणी म्हटल्यावर त्यांना कळायचं. आज दुपारी तर त्यांनी गॅसवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं. बोटं लालभडक झाली, तेव्हा शेजारणीची बोटं बघावीत तशी त्यांनी ती बघितली आणि पदराखाली घेतली.

"तोंडाचा पट्टा चालूच आहे," धाकटी लेक थोरल्या भावाला हळूच म्हणाली. "पण आत काही हलत नाहीये रे. मला भीती वाटते."

म्हणून चहा झाल्यावर धाकटीनेच खेळ काढला. घरातली माणसं जमली की हा खेळ व्हायचाच. आपल्या आवडीचा सीन सांगायचा. सिनेमाचं नाव घ्यायचं नाही आणि हात बांधून बसायचं नाही. कुणी पाल्हाळ लावलं की ऑपरेटर कोपऱ्यातून ओरडायचे, "रीळ बदला!"

थोरल्याने सुरुवात केली. "चोर अख्खं घर साफ करून निघतो. जिन्यात त्याला आठवतं, आत गॅसवर दूध आहे. परत जातो, गॅस बंद करतो, आणि तेवढ्यात पकडला जातो."

"तुझ्या बायकोला दाखव तो," बॅटरीबाई म्हणाल्या. "रोज उतू जातं."

सून हसली. तिने आपला सांगितला. म्हातारा न्हावी सैन्यात निघालेल्या मुलाचे केस कापतो, आणि कापायचं काही उरलेलं नसतं तरी कात्री नुसती हवेत चालवत राहतो.

धाकटीच्या मुलीने नव्या सिनेमातला सांगितला. लिफ्ट बंद पडते. घटस्फोटाच्या कागदांवर सही करून आलेले दोघं आत अडकतात, आणि लिफ्ट सुरू झाल्यावर कुठल्या मजल्याचं बटण दाबायचं हे दोघांनाही सुचत नाही.

कोपऱ्यातून कुणी ओरडलं नाही.

"आई, तुझा," धाकटी म्हणाली.

बॅटरीबाईंचा सीन ठरलेला होता. त्यांनी तो भिंतीकडे बघत सांगितला. "नवरा पुलावरून नदीत जातो. पूर असतो. बायको दारात उभी राहते. 'समाप्त' येतं. लोक उठतात, अंधारात चपला शोधतात. आणि दार वाजतं. तो आत येतो, बूट काढतो, म्हणतो, पाणी दे गं. ती पाणी देते. झालं."

एरवी त्या दार वाजायचा आवाज तोंडाने काढायच्या. आज काढला नाही.

नात मोबाइलवर बोट फिरवत होती. "आजी, सापडला हा! पण... तो परत येत नाही गं. घरी येतो ते आधी आहे. मग पूल. मग समाप्त."

धाकटीने तिला कोपर मारलं.

"मारतेस कशाला तिला? मला काय नवीन आहे?" बॅटरीबाई म्हणाल्या. "ह्यांनी शेवटची दोन रिळं उलटी लावली होती. सकाळी बुटांवरून माझ्याशी भांडून गेले होते, डोकं ठिकाणावर कुठलं? मालक वर मारायला धावला. आणि खाली लोक टाळ्या वाजवतायत. मी बॅटरी मारून ओरडतेय, बसा खाली, अजून आहे! दुसऱ्या दिवशी सरळ लावलं, तर बाया तिकिटाच्या खिडकीशी भांडायला. म्हणे आमचा माणूस घरी आला नाही. मग मालकच म्हणाला, लाव बाबा उलटंच."

"तू सरळ कधी बघितलास?" थोरल्याने विचारलं.

"कुठला बघते?" त्या म्हणाल्या. "सरळ लावलं त्या दिवशी मी दाराशी होते. भांडण ऐकत." मग नातीला म्हणाल्या, "लाव. आहे तसं लाव."

मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. माणूस घरी आला. बूट काढले, पाणी मागितलं, प्यायला. मग पूल. मग ती दारात. मग अक्षरं आली आणि पडदा काळा झाला.

"एवढंच?"

"एवढंच, आजी."

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तोंडावर काही नव्हतं. त्या उठल्या, दाराशी गेल्या, बूट उचलले आणि थोरल्याच्या पायाशी आणून ठेवले.

"घाल."

"आई, बाबांचे..."

"तुला येतील. कोपऱ्यावरून साखर घेऊन ये."

"साखर आहे की," सून म्हणाली. नवऱ्याने नुसती मान हलवली आणि बूट चढवले.

बूट त्याला जरा सैल होते. डाव्याची टाच करकरायची. ती करकर जिना उतरत गेली, रस्त्याला लागली, मग ऐकू येईनाशी झाली. बॅटरीबाई दारासमोर बसल्या. धाकटी कपबशा उचलायला उठली.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. धाकटी बसली.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मग खालून करकर आली. एकेक पायरी चढत दारापर्यंत आली, आणि दार वाजलं.

थोरला आत आला. साखरेचा पुडा सुनेच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच बूट काढले. एक सरळ पडला, एक कुशीवर.

"पाणी दे गं," तो म्हणाला.

सून वळेपर्यंत बॅटरीबाई माठाशी पोचल्या होत्या. पेला भरला तरी त्यांचा हात थांबेना. पाणी काठावरून ओघळून भाजलेल्या बोटांवर आलं आणि बोटं झोंबली. त्या पहिल्यांदाच कळवळल्या.

"बूट नीट काढायला काय होतं रे..." त्या म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना म्हणता येईना.