दीड हाताच्या दोन खिडक्या

गिरणीत हेडक्लार्क झाल्यावर आठव्या दिवशी गोपाळरावांच्या लक्षात आलं, की आपल्या घराच्या खिडक्या फार लहान आहेत. त्याआधी चाळीस वर्षं त्याच खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात ते जेवले, शिकले, लग्नाचे झाले. पण तेव्हा ते हेडक्लार्क नव्हते. माणसाला बढती मिळाली की आधी त्याचा अंगरखा आखूड होतो आणि मग घर.

ही बातमी शेजारच्या बजाबाईला संगप्पा गवंड्यानं दिली. सोलापूरच्या भवानी पेठेत कुणाच्या भिंतीला कुठं ओल आली हे घरमालकाच्या आधी संगप्पाला कळे आणि संगप्पाच्या पाठोपाठ बजाबाईला. ती अंगणात शेंगदाणे पाखडत बसली होती.

"अक्का, तुमच्या शेजाऱ्याला काच पायजे."

"कशाला? तोंड बघायला? तेवढ्याशा तोंडाला हातातला आरसा पुरंल की."

"खिडकीला, अक्का. म्यानेजर सायबाच्या बंगल्याला हाय तसली. चार हात रुंद, भिंतीच्या मदोमद. आन् जुन्या दोनी बुजवायच्या."

बजाबाईचं सूप हवेतच राहिलं. दाणे एका बाजूला घरंगळले.

"दोनी?"

"दोनी म्हनले खरं. पर बाईसाब स्वैपाकघरातली ऱ्हाऊ द्या म्हंत्यात. बगू आता, कोन जिंकतंय."

"बरं बरं," बजाबाई म्हणाली आणि सूप पुन्हा हलवू लागली. पण त्या फेरीतली फोलपटं दाण्यांतच राहिली. असं तिचं वीस वर्षांत झालं नव्हतं.

बजाबाई शेंगाचटणी कुटून विकायची. नवरा, रावजी, गेल्यापासून तेच तिचं शेत आणि तीच तिची गिरणी. वळसंगहून महिपती गाडीतून शेंगा आणी. ती भाजायची, सोलायची, लसूण-मिरची घालून तेल सुटेपर्यंत उखळात कुटायची. गिरणीचा भोंगा झाला की भाकरीवर घ्यायला माणसं दारात. सगळं बेस होतं, एकाच गोष्टीवाचून. उखळावर छप्पर नव्हतं. उन्हाळ्यात डोकं भाजे, वाऱ्यात धूळ पडे आणि मृग लागला की चार महिने उखळ पालथं. ओल लागलेली चटणी गिरणीतला उपाशी माणूससुद्धा घेत नाही.

छप्पर घालायला जागा नव्हती असं नाही. अंगण होतं, तेही गोपाळरावांच्या भिंतीला लागून. पण त्या भिंतीत दीड-दीड हाताच्या दोन खिडक्या होत्या. रावजीनं एकदा तिथं भिंत घालायला घेतली, तर गोपाळरावांचे वडील कोर्टात गेले. कोर्टाचा माणूस फीत घेऊन आला आणि खिडक्या अशा मोजून गेला की लग्नाच्या मुलीलाही कुणी इतकी निरखत नाही. निकाल लागला: खिडक्या वीस वर्षांपेक्षा जुन्या आहेत, त्यांचा उजेड कुणाला अडवता येणार नाही. रावजीनं घातलेला एक हात पाया उकरून काढला आणि त्या कागदाची गुंडाळी देवळीत ठेवली. बजाबाईला अक्षर येत नव्हतं. पण रावजीनं तो कागद इतक्यांदा वाचून दाखवून शिव्या दिल्या होत्या, की तिला तो आरतीसारखा पाठ होता.

दुसऱ्या दिवशी पुडीभर चटणी घेऊन ती रावजीच्या जुन्या वकिलाकडे गेली. दावा हरलेला वकील. हे तिनं मुद्दाम केलं. जिंकलेला माणूस कायदा विसरतो, हरलेल्याला तो सलत असतो.

वकिलानं चटणी हुंगली, मग प्रश्न ऐकला आणि चष्मा काढला.

"हक्क घराला नसतो बाई, त्या भोकाला असतो. मालकानं स्वतःच्या हातानं जुनी खिडकी बुजवली की तिचा हक्कही बुजला. नवीला म्हणाल तर वीस वर्षं व्हायला हवीत."

"म्हंजे तवर मी भिंत घातली तर?"

"खुशाल घाला. पण एक लक्षात ठेवा. दोघींतली एक जरी उघडी राहिली, तर तिच्यापुढं वीट लावायची नाही. आणि दोन्हींवर गिलावा होईपर्यंत या गोष्टीचा उच्चार करू नका."

"उच्चार?" बजाबाई म्हणाली. "मी कवा कुनाशी बोलत्येय?"

वकिलाला ठसका लागला. चटणीचा असावा.

आता सगळं अडलं होतं ते स्वयंपाकघरातल्या खिडकीवर आणि त्या खिडकीत उभ्या असणाऱ्या गोदावरीबाईवर. ही गोपाळरावांची बायको बजाबाईला आवडत असे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण शेजारचं माणूस आवडतं हे कळलं की लोक उसनं मागायला लागतात. रोज सकाळी त्या खिडकीच्या गजांतून ताकाची लोटी बाहेर यायची आणि चटणीची पुडी आत जायची. सोळा वर्षं. मध्ये कोर्ट झालं, सासरे आणि रावजी एकमेकांना बघून थुंकले, तरी लोटी चुकली नाही.

त्या सकाळी लोटीबरोबर तोंडही आलं.

"मावशी, तुम्ही तरी यांना सांगा हो. बाकी काय ती काच बसवा म्हणावं, पण माझी एवढी खिडकी राहू द्या. दुसऱ्या कुठल्या बाजूनं उजेड नाही, हवा नाही. मी चूल बघून पेटवू की चाचपून?"

"माझं ऐकतील व्हय ते?"

"तुम्ही बोललात की सगळ्यांनाच ऐकावं लागतं."

बजाबाईनं लोटी रिकामी करून परत दिली. "बोलते की," ती म्हणाली. तिनं शब्द दिला आणि पाळलाही. कसा, ते पुढं.

गोपाळरावांनी एव्हाना माजघराला दिवाणखाना म्हणायला सुरुवात केली होती. त्यात खुर्च्या दोन आणि त्यातली एक शेजाऱ्याची. पण काच आली ती मात्र खरी, मुंबईहून, गवतात गुंडाळून. ती उतरवताना गोपाळराव हमालांवर इंग्रजीत ओरडले. हमाल तेलुगू बोलणारे होते, काच नीट उतरली. बजाबाईच्या अंगणाकडची भिंत फोडून मधोमध चौकट बसली. एवढ्याशा धाब्याच्या घराला ती चार हातांची खिडकी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पश्चिमेचं ऊन सरळ आत शिरायचं आणि गोपाळराव घाम पुसत म्हणायचे, "काय प्रकाश आहे! साहेबाकडे अस्साच."

समोरच्या खोलीतली जुनी खिडकी संगप्पानं बुजवली. राहिली स्वयंपाकघरातली. गोपाळराव कोट घालून, छत्री उघडून बजाबाईच्या अंगणात उभे होते, कारण आपली काच बाहेरून कशी दिसते ते तिथूनच दिसत होतं. संगप्पा हातात थापी घेऊन वाट बघत होता. आतून गजांपाशी गोदावरीबाई.

"अहो, एवढी एक राहू द्या," ती म्हणाली.

"बघू," गोपाळराव म्हणाले. आणि खरं म्हणजे ते विरघळत होते. रात्रीच्या भाकरीत खडा लागायला नको, एवढी अक्कल त्यांना होती.

बजाबाई उखळावरून उठली, पदर खोचला आणि पुढं आली.

"रावसाहेब, म्या एक बोलू का?"

"बोला, बोला." रावसाहेब म्हटल्यावर गोपाळरावांची छत्री बोटभर वर गेली.

"ऱ्हाऊ द्या ती खिडकी. तुमच्या बायकोचं बराबर हाय. गरिबाला हाय तेच बरं."

गोदावरीबाईचा चेहरा उजळला. गोपाळरावांचा नाही.

"गरिबाला म्हणजे?"

"न्हाय, चुना लई महाग झालाय म्हंत्यात. सायबाचं निराळं, तो एका दमात सगळं करतोय. आपल्यासारख्यानं कसं, यंदा एक बुजवावी, पुडल्या साली जमंल तशी दुसरी. तवर काचेच्या शेजारी एक धुराचं भोक दिसंल, त्याला काय हुतंय? पेठंतल्या लोकांना ठावं हाय की तुमची ऐपत."

संगप्पानं थापीकडे बघितलं. त्याला हसू आवरायला तेवढीच जागा होती.

"संगप्पा!" गोपाळराव छत्री आपटून म्हणाले. "आत्ताच्या आत्ता बुजव. चौकट काढ, विटा घाल. आणि चुना पुरला नाही तर सांग, गाडीभर आणतो!"

"अहो, पण मावशी राहू द्या म्हणताहेत ना!"

"मावशी म्हणताहेत म्हणूनच!"

चौकट निघाली. विटेवर वीट चढत गेली. गोदावरीबाई आत तशीच उभी राहिली, आधी नवऱ्याकडे बघत, मग बजाबाईकडे. पहिल्या दोन थरांपर्यंत त्या नजरेत उपकाराची जाण होती. तिसऱ्या थराला काहीतरी हिशेब सुरू झाला. ती शिकलेली बाई होती आणि सोळा वर्षं बजाबाईला रोज ऐकत होती. बजाबाई उगाच कुणाला आपल्यात धरून 'आपल्यासारख्यानं' म्हणत नाही, हे तिला माहीत होतं. शेवटची वीट बसली तेव्हा फटीतून तिचा एक डोळा तेवढा दिसत होता. तो पापणी न लवता बजाबाईवर होता.

"या चौकटींचं काय करू, साहेब?" संगप्पानं विचारलं.

"फेका."

"माझ्या चुलीला द्या की," बजाबाई म्हणाली. जुनं सागवान, गज आणि फळ्यांसकट. गोपाळरावांनी दानशूरासारखा हात हलवला.

गिलावा झाला, सफेदी झाली. बजाबाईनं त्यावर बोट फिरवून बघितलं, वाळलं होतं. पाचव्या दिवशी वळसंगहून महिपतीची गाडी आली, पण त्यात शेंगा नव्हत्या. विटा होत्या. संगप्पालाच काम दिलं होतं. त्याला काय, दोन्हीकडचा चुना सारखाच पांढरा.

भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा गोपाळराव हसले. कमरेएवढी झाली तेव्हा वडिलांच्या पेटीतला कागद घेऊन धावत आले.

"बाई, हे बेकायदेशीर आहे! कोर्टाचा निकाल आहे माझ्याकडे!"

"माझ्याकडं बी हाय. वाचा की मोठ्यानं. मला अक्षर येत न्हाई, पर चुकला तर सांगंन."

गोपाळराव वाचू लागले. "वादीच्या भिंतीस असलेल्या दोन खिडक्या, प्रत्येकी दीड हात रुंद..."

"जमिनीपासून तीन हातांवर," बजाबाईनं पुढचं म्हटलं. "एक समोरच्या खोलीत, एक स्वैपाकघरात. व्हय ना? आता दावा त्या दोन खिडक्या. त्यांच्याम्होरं म्या चिमूटभर माती लावली, तर ह्याच अंगनात मला जोडा मारा."

गोपाळरावांनी भिंतीकडे बघितलं. पांढरीशुभ्र, गुळगुळीत. संगप्पाचा हात चांगला होता.

"आणि ही?" त्यांनी काचेकडे बोट दाखवलं.

"तिला इसा वर्सांनी इचारा."

त्यांच्या वकिलानंही तेच सांगितलं, फक्त फी घेऊन. गोपाळरावांनी जुनी भोकं पुन्हा फोडायची गोष्ट काढली, पण आता ती कसल्या उजेडासाठी फोडणार? पलीकडे वितीवर बजाबाईची भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढं कचेरीतली माणसं चहाला आली तेव्हा त्या चार हातांच्या काचेवर लाल पडदा होता. "सोलापूरचं ऊन," गोपाळराव म्हणाले, "पडद्याशिवाय सोसत नाही." एकानं कौतुकानं पडदा जरा सारला. पलीकडे विटा होत्या, मोजता येतील इतक्या जवळ. त्यानं पडदा पुन्हा नीट लावला आणि चहाची स्तुती केली.

मृगाच्या आत बजाबाईच्या उखळावर छप्पर चढलं. रस्त्याच्या बाजूला तिनं विक्रीसाठी खिडकी ठेवली: गोदावरीबाईच्या स्वयंपाकघरातलीच ती सागवानी चौकट. चुलीत काय, बाभळही जळते. भोंगा झाला की माणसं खिडकीशी उभी राहत आणि त्याच वाटेनं गोपाळराव आपल्याच जुन्या खिडकीकडे न बघता घरी जात. बजाबाई मग आवाज चढवून म्हणे, "या रावसाहेब, ताजी हाय!"

एकच गोष्ट तिला साधत नव्हती. त्या खिडकीची उजवी फळी बंद होत नसे. रोज संध्याकाळी बाहेर येऊन खांद्यानं रेटायची, बुक्की मारायची, शिव्या द्यायची. फळी चार बोटं उघडीच.

ताकाची लोटी अर्थातच बंद झाली होती. तिला यायला वाट नव्हती.

आषाढातल्या एका संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर खिडकीशी गोदावरीबाई आली. पदरावर काजळी, एका बोटाला भाजल्याचा फोड.

"पावशेर द्या."

"घ्या की. पैसं कशाला?" बजाबाईनं पुडी बांधली, नेहमीपेक्षा मोठी. "चूल कशी पेटवता?"

"चाचपून."

"धाब्याला सवणं पाडून घ्या. वरनं उजेड पडंल. संगप्पाला मी सांगते."

"सांगू नका," गोदावरीबाई म्हणाली. "तुम्ही एकदा सांगितलंत तेवढं पुरलं."

तिनं पैसे खिडकीच्या उंबऱ्यावर ठेवले, लोटीच्या बुडानं झिजून जिथं खळगी पडली होती, बरोबर तिथं. पुडी घेतली. बजाबाईला काहीतरी बोलायचं होतं. तिच्याकडे शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता, पण जिभेवर आलं ते गिऱ्हाइकाला म्हणायचंच आलं: "पुन्यांदा या."

गोदावरीबाईनं बाहेरून उजव्या फळीला हात घातला. बोटभर वर उचलली, मग हलकेच ढकलली. सोळा वर्षं ढकलत आली होती तशी. फळी बिनआवाज बसली. मग डावी.

आत अंधार झाला. बजाबाईनं चाचपत पैसे उचलले, मोजले. बरोबर होते. मग तिनं फळी आतून ढकलून पाहिली. ती घट्ट बसली होती.

"शिकलेल्या बायका," ती उखळाला म्हणाली, "सांगत न्हाईत कुनाला काई."