बाबांच्या पुढे चालणारा गडी

मित्रांनो, मी एक जुना रोबो आहे. रोबो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हातपाय असलेला, चकचकीत कोणी उभा राहिला असेल, तर तुमची जरा निराशाच होईल. माझे अंग म्हणजे प्लास्टिकच्या एका डब्याचे झाकण. खाली दोन पिवळ्या मोटरी, त्यांना दोन चाके, मागे चार सेलांची पेटी आणि पुढे खाली मान घालून बसवलेले दोन सेन्सर. फरशीवर काळी पट्टी चिकटवली की त्या पट्टीवरून चालायचे, एवढीच माझी विद्या. पण त्या विद्येवर एका माणसाचे सारे दिवस अवलंबून होते, म्हणून ही हकिगत सांगतो.

मला घडवणारे बाबा घड्याळजी होते. तीस वर्षे त्यांनी डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळे दुरुस्त केली. मग त्यांना काचबिंदू झाला. बारीक काम आता सोडाच, असे डॉक्टरांनी सांगितले आणि बाबांनी दुकान बंद केले. चिमटे, भिंगे, पेचकस सगळे एका डब्यात भरून ते घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत गप्प बसू लागले. आई कामावर जाई. घरात उरत बाबा आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. अंगाने बारकी आणि सतत कशात तरी गुंतलेली, म्हणून बाबा तिला मुंगी म्हणत.

मुंगीने शाळेच्या वाचनालयातून रोबो तयार करण्याचे एक पुस्तक आणले. तिला त्यातले निम्मे कळेना. ती मोठ्याने वाचत बसे, आणि बाबा ऐकत नाही असे दाखवत ऐकत. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, ‘‘ती मोटर आण इकडे. हाताला काय लागतंय बघू.’’

अशी माझी सुरुवात झाली. मुंगी वाचायची, बाबांची बोटे चाचपायची. तारांना कथलाचे डाग द्यायला त्यांनीच तिला शिकवले. तिची बोटे दोनदा भाजली. मी पहिल्यांदा चालू झालो तेव्हा जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरत राहिलो, कारण एका मोटरच्या तारा उलट जोडल्या होत्या. मुंगी रडकुंडीला आली. बाबा मात्र कित्येक महिन्यांनी पोट धरून हसले. ‘‘निदान फिरला तरी,’’ म्हणाले. तारा बदलल्यावर सेन्सर ऐकेनात. सगळ्या भागांच्या उणे टोकाच्या तारा एकत्र जोडायच्या राहिल्या होत्या. ते शोधून काढायला आठवडा गेला.

माझ्या डाव्या मोटरच्या आत एका चाकाचा दात तुटका होता. त्यामुळे चालताना टिक, टिक असा आवाज होई. मुंगी ती मोटर बदलायला निघाली, तर बाबांनी तिचा हात धरला. म्हणाले, ‘‘राहू दे. आपला गडी कुठं आहे ते मला कळतं.’’

तेव्हापासून मी गडी झालो.

पुढच्या वर्षी बाबांची नजर पुरती गेली. मुंगीने त्यांच्या खुर्चीपासून पुढच्या दारापर्यंत काळी पट्टी चिकटवली. रोज चार वाजता ती मला पट्टीवर ठेवी. मी पुढे निघे आणि माझ्या आवाजाच्या मागून बाबा निघत. मी हळू चालायचो, तेही हळू चालायचे. पलंगाला वळसा, कपाटाला वळसा, मग उंबरठा. दाराबाहेरच्या बाकावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत. शेजारी माझे कौतुक करत तेव्हा बाबा म्हणत, ‘‘मला कुणाचा हात धरावा लागत नाही.’’ मित्रांनो, त्या शब्दांनी मला जो आनंद दिला, तो शाळेच्या प्रदर्शनात मिळालेल्या बक्षिसानेही दिला नाही.

तीन वर्षे अशी गेली. मुंगी मोठी झाली. शाळेच्या चमूने एका स्पर्धेसाठी नवा रोबो तयार केला. पत्र्याचा सांगाडा, वेगाने वळणारा. आदल्या दिवशी त्याच्या दोन्ही मोटरी जळाल्या आणि तशा मोटरी गावात मिळेनात. दुपारी बाबा झोपले होते. मुंगीने मला टेबलावर उलटे ठेवले आणि माझे स्क्रू काढले. ‘‘उद्या संध्याकाळी परत लावते हं,’’ असे ती माझ्याशी पुटपुटली. ती खोटे बोलत नव्हती. तिला तसेच वाटत होते.

पण त्यांचा चमू जिंकला. पुढची फेरी लागली, मग तिच्या पुढची. चार वाजता बाबा विचारत, गडी कुठे आहे? मुंगी सांगे, सेल संपलेत, उद्या आणते. कधी सांगे, तार सुटली आहे. बाबा बरं म्हणत आणि खुर्चीतच बसून राहत. कपाटावरून मला ते दिसत होते. मला ना पाय होते ना आवाज.

एका दुपारी मुंगी बाहेरच्या खोलीत नव्या रोबोची चाचणी घेत होती. तो धावू लागला आणि माझ्या डाव्या मोटरचा टिक, टिक आवाज घरभर झाला. बाबांनी तो ऐकला. त्यांचा चेहरा उजळला. मुंगीचे लक्ष जायच्या आत ते उठले आणि विश्वासाने त्या आवाजामागे चालू लागले. तो रोबो पट्टीवरून चालणारा नव्हता. तो झटकन टेबलाकडे वळला, बाबाही वळले. टेबलाचा पाय त्यांच्या पायात आला आणि ते उजव्या हातावर पडले.

मुंगी धावली. बाबांनी आधी डाव्या हाताने तो रोबो चाचपला. पत्र्याच्या कडा, मग चाके, मग मोटरी.

‘‘पाय आपल्या गड्याचे आहेत,’’ ते म्हणाले. मग उजवा हात पोटाशी धरत म्हणाले, ‘‘मला विचारलं असतंस, तर मीच काढून दिले असते गं.’’

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मुंगीला सोपे गेले असते.

मनगट मोडले होते. हाड जुळले, पण बोटांत पूर्वीची जाण परत आली नाही. मुंगीने स्पर्धा सोडली, मोटरी मला परत बसवल्या आणि चार वाजता मला पट्टीवर ठेवले. मी निघालो. अर्ध्या वाटेवर गेलो तरी मागे पावले वाजेनात. बाबा खुर्चीत तसेच बसले होते. ‘‘आता नको,’’ म्हणाले, ‘‘पायांना भीती बसली.’’ त्या दिवसापासून ते आईचा हात धरून बाकापर्यंत जाऊ लागले. पुढे पुढे तेही थांबले. मला कपाटावर ठेवले गेले, पेटीतले सेल तसेच ठेवून. ते पाझरले आणि त्यांनी माझ्या तारा खाल्ल्या. तिसऱ्या वर्षी बाबा गेले.

मुंगी आता मोठी बाई आहे. रविवारी ती मुलांना रोबो तयार करायला शिकवते. तिथल्या फळीवर मी असतो. मुले विचारतात, हा चालतो का? ती नाही म्हणते आणि विषय बदलते. तिने मला दुरुस्त का केले नाही, हे मी तिला कधी विचारू शकणार नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राचे भाग काढून नवे यंत्र तयार करा, खुशाल करा. आमचा जन्मच त्यासाठी आहे. काम संपले की सेल तेवढे काढून ठेवत जा. आणि पेचकस लावण्यापूर्वी घरात एकदा विचारा, हे कुणाला लागतं का? उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. माझ्या घरात ते उत्तर शेजारच्याच खोलीत झोपलेले होते.