मास्तरांच्या पोटावरचा काळा दोरा

मी एका शिंपी मास्तरांची जुनी कात्री आहे. माझ्या मुठीचा रंग मास्तरांच्या अंगठ्याने केव्हाच उडवला आहे. मित्रांनो, तीस वर्षे मी कापड कापले, पण खडूची रेघ कधी सोडली नाही. गिऱ्हाइके म्हणत, "मास्तरांची नजर म्हणजे नजर!" माझे नाव कोणी काढत नसे. त्याचा मला थोडा रागच होता.

मग मास्तरांच्या पोटाचे ऑपरेशन झाले. जिना चढायची मनाई होती, म्हणून त्यांची खाट शिवणकामाच्या खोलीतच टाकली. डॉक्टर म्हणाले, "लक्ष ठेवा." मास्तरीणबाईंनी त्याचा धसकाच घेतला. मास्तरांचा जरा डोळा लागला की त्या त्यांना हलवत. "अहो, बरं वाटतंय ना? माझं नाव सांगा बघू." शेजारीपाजारी दिवसभर गप्पांना येत ते वेगळेच. चार दिवस मास्तरांना धड झोप मिळाली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ते बायकोलाच म्हणाले, "ताई, ब्लाउज उद्या मिळेल." बाई हसल्या. मला मात्र भीती वाटली.

दुपारी खोलीत कोणी नव्हते. मास्तर उठून बसले. त्यांनी पोटावरची पट्टी सोडली आणि ते टाक्यांचा काळा दोरा निरखू लागले.

"कच्चा दोरा काढायचाच राहिला की," ते पुटपुटले.

शिवण पक्की झाली की कच्चा दोरा ते माझ्याच टोकाने उचकटत. त्यांचा हात टेबलावर आला. बोटे सवयीने माझ्या मुठीत बसली. माझे टोक त्यांच्या पोटाला टेकले. ते पोट गरम होते. आपण बोथट असतो तर बरे झाले असते, असे मला जन्मात पहिल्यांदा वाटले.

तेवढ्यात बाई पाणी घेऊन आल्या. पेला दारातच पडला. धावत येऊन त्यांनी मला मास्तरांच्या हातातून ओढून घेतले; टाके शाबूत होते.

डॉक्टरांनी तपासले आणि स्पष्ट सांगितले, "झोपेवाचून डोकं भरकटलंय त्यांचं. औषधाच्या वेळा सोडून उगाच उठवू नका. पाहुणे बंद करा." माझी रवानगी कुलूपबंद कपाटात झाली.

तीन आठवड्यांनी कुलूप उघडले. टेबलावर नातीच्या फ्रॉकचे कापड अंथरले होते, रेघही आखली होती. मास्तरांनी मला रेघेवर धरले आणि ते थांबले.

"अगं, ही परत ठेव," ते म्हणाले. "काल माझी झोप झालेली नाही."

मित्रांनो, मला धार लावायला दगड लागतो. मास्तरांना फक्त निवांत झोप हवी. तुमच्या घरी कोणी आजारी माणूस झोपला असेल, तर मायेनेसुद्धा त्याला हलवू नका. मी पुन्हा कपाटात आहे. बाहेर दुपारी खाट करकरली की माझी पाती अजून थरथरतात.