तळच्या फळीवरची चार रिळे

मित्रांनो, डोळे मिटा आणि जुन्या थिएटरातली एक अरुंद खोली मनात आणा. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर सिनेमांचे पत्र्याचे डबे. अगदी खाली चार गंजके डबे दिसतात ना? तो मी, तुटपुंज्या खर्चात झालेला एक सिनेमा.

माझी गोष्ट साधी. कारखाना बंद पडतो, पण एक फिटर घरी सांगत नाही. रोज डबा घेऊन निघतो, दिवसभर बागेत बसतो. शेवटी सायकली दुरुस्त करू लागतो. दिग्दर्शकाने मला आपल्या बहिणीच्याच घरात घडवले. फिटरचे काम खऱ्याच बेकार फिटरने केले. जाणकारांनी माना डोलावल्या, पण तिसऱ्या दिवशी खुर्च्या रिकाम्या.

वरच्या फळीवर 'तो' राही, एक गाजलेला सिनेमा. त्याच्यात घोडे, तलवारी, गाणी. खोटे कशाला सांगू, त्याला पाहून माझा जळफळाट होई. त्याचे डबे दर आठवड्याला पुसले जात. तो तुटला की ऑपरेटर आजोबा माझ्या रिळाच्या टोकाची कोरी पट्टी कापून त्याला जोडत. माझ्या कातडीवर त्याने मिरवायचे!

मग थिएटर बंद व्हायचे ठरले. तो संग्रहालयात जाणार होता, मी भंगारात. जाण्याआधी त्याचा एक खेळ पाहायला आजोबांनी आपल्या मुलाला आणि नातीला बोलावले. पण सकाळी पट्टी जोडताना आमची पहिली रिळे एकमेकांच्या डब्यांत गेली होती. पडद्यावर फिटर आला.

"आजोबा, घोडे कुठायत?" नात कुरकुरली.

आजोबा जीभ चावून यंत्र थांबवू लागले. फिटर बागेत एकटाच डबा खात होता.

"राहू द्या, बाबा," मुलगा म्हणाला. "महिना झाला, मीही असाच बसतोय. नोकरी गेली माझी. घरी सांगायची हिंमत होत नव्हती."

आजोबांनी त्याला वेडा म्हटले, पाठीवर हात ठेवला आणि माझी उरलेली रिळे शोधून आणली. त्या दुपारी घोड्यांचा 'तो' डब्यातच पडून राहिला. मला फार बरे वाटले, कबूल करतो.

मित्रांनो, ज्याचे कौतुक झाले नाही ते टाकाऊच असते, असे समजू नका. फेकण्याआधी एकदा उघडून पाहा. कुणाला तरी त्याचीच गरज असेल.

संध्याकाळी भंगारवाला आला. नात माझ्या चारही डब्यांवर मांडी ठोकून बसली. त्याने दोनदा सांगितले, तरी ती उठली नाही.